गाव हाच साक्षीदार

चंदीगड निर्वासितांसाठी बांधलं, हे आपण शाळेत शिकतो. शहराच्या संस्थासुद्धा निर्वासित होत्या, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. पंजाबचं उच्च न्यायालय लाहोरहून सिमल्याला आलं आणि १९५५ साली चंदीगडला स्थिरावलं. पंजाब विद्यापीठ लाहोरला राहून गेलं. इकडचं विद्यापीठ १ ऑक्टोबर १९४७ रोजी नव्यानं उभं राहिलं, काही वर्षं सोलनमधून चाललं आणि १९५६ नंतर चंदीगडच्या सेक्टर १४मध्ये आलं. लाहोर संग्रहालयातल्या मूर्तींचीही वाटणी झाली. साठ टक्के तिकडे, चाळीस टक्के इकडे. इकडे आलेले गांधारशैलीतले बुद्ध अमृतसर, सिमला, पतियाळा असे फिरत १९६८ साली चंदीगडच्या नव्या संग्रहालयात पोचले. आपले काकासाहेब गाडगीळ १९५८ ते १९६२ पंजाबचे राज्यपाल होते, तेव्हा या शहराचा रंगही पुरता वाळला नव्हता.

संस्थेचं बिऱ्हाड हलवणं त्या मानानं सोपं असतं. फायली येतात, पाटी लागते, काम सुरू होतं. माणसाचं तसं नसतं. छावणीतून बाहेर पडलेल्या माणसाला जमीन किंवा छप्पर दिलं, तरी तो नेमका कोण हे सांगणारं कोणी आसपास नसेल, तर तो तिथे उपराच राहतो. १९४७ नंतरच्या पंजाबात सरकारला हे लवकर समजलं. काही बाबतींत त्यावर फार हुशारीनं तोडगा निघाला, आणि काही बाबतींत समजूनही सरकार आणि समाज दोघेही कमी पडले. या दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात, असं मला वाटतं.

पश्चिम पंजाबातून सुमारे ४५ ते ५० लाख हिंदू आणि शीख पूर्वेकडे आले. त्यांच्यासाठी उघडलेल्या छावण्यांत कुरुक्षेत्रची छावणी सगळ्यांत मोठी. लाखभर माणसांचा अंदाज धरून आखलेल्या त्या तंबूंत डिसेंबर १९४७पर्यंत तीन लाख माणसं राहत होती. थंडी, रेशनच्या रांगा, हरवलेल्या नातेवाइकांचा शोध. मनाला विरंगुळा म्हणून रात्री पडद्यावर सिनेमे दाखवत, त्यांत मिकी माऊससुद्धा असे. पण छावणीत कोणी कायमचं राहत नाही, आणि बहुतेक माणसं शेतकरी होती. त्यांना जमीन हवी होती.

इथे पहिला पेच आला. हिंदू-शीख शेतकरी पश्चिमेला सुमारे ६७ लाख एकर जमीन सोडून आले होते. इकडून गेलेल्या मुसलमानांनी मागे ठेवलेली जमीन भरली सुमारे ४७ लाख एकर. शिवाय तिकडची जमीन म्हणजे चिनाबच्या कालव्याखालची सुपीक शेती, इकडची बरीचशी कोरडवाहू. आणि दुसरा पेच असा, की कोणाची किती जमीन होती हे सांगणारी जमाबंदीची दफ्तरं पाकिस्तानात राहिली होती. पटवारी म्हणजे आपला तलाठी. त्याच्याकडचा कागद हाच शेतकऱ्याचा सातबारा. घाईत घर सोडणाऱ्यानं दागिने, भांडी, एखादा ग्रंथ उचलला असेल. जमाबंदीची नक्कल किती जणांनी घेतली असणार? दोन्ही सरकारांनी दफ्तरांच्या नकला एकमेकांना द्यायच्या ठरवल्या, पण त्या यायला वेळ लागला. तोवर काय करायचं?

पुनर्वसनाचं हे खातं जालंधरला होतं. इमारती नव्हत्या, म्हणून तंबूंचं एक गावच वसवलं. सुमारे सात हजार कर्मचारी तिथे राबत होते, तात्पुरते दिवे, तात्पुरते संडास, देवळं आणि गुरुद्वारेही तात्पुरते. खात्याचे महासंचालक होते तरलोक सिंग, आयसीएस, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले. त्यांच्यानंतर महिंदर सिंग रंधावा आले. हेच रंधावा पुढे चंदीगडचे मुख्य आयुक्त झाले आणि त्या शहराच्या रस्त्यांवर आज जी फुलझाडं दिसतात त्यांतली कित्येक त्यांनी निवडलेली. दावे मागवल्याबरोबर महिनाभरात पाच लाखांहून जास्त अर्ज आले. अर्जात माणूस काय लिहील? जे हरवलं ते मनात मोठंच होत जातं, आणि चार एकर वाढवून सांगायचा मोह कोणाला होणार नाही?

तोडगा असा निघाला. एका गावचे लोक कुठे कुठे पांगले होते ते शोधून त्यांना एका ठिकाणी बोलवायचं. सगळे जमले की अधिकारी एकेक दावा मोठ्यानं वाचून दाखवी. अमका, अमक्याचा मुलगा, इतके एकर, त्यातले इतके विहिरीखालचे, इतके कालव्याखालचे. मग जमलेले गावकरी बोलत. बरोबर आहे. नाही, ते शेत त्याच्या चुलत्याच्या वाट्याचं. नाही, ते गहाण पडलं होतं. कोण कोणाच्या बांधाला बांध लावून कसत होता, कोणाच्या विहिरीचं पाणी कोणत्या शेताला जात होतं, हे त्या माणसांच्या तोंडी होतं. सभेनं मान्य केलं तर दावा मान्य, नाहीतर दुरुस्त किंवा रद्द. खोटं बोलणाऱ्याची जमीन कापली जाई, फारच खोटं असेल तर थोडे दिवस तुरुंगही. नकाशावरून पुसलेलं, सीमेपलीकडे राहिलेलं एक गाव काही तासांसाठी पुन्हा भरे, आणि त्याच्या आठवणीला सरकार पुरावा मानी. आपल्या देशाच्या प्रशासनाच्या इतिहासात इतकी विश्वासाची गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

मग वाटप. एकर सगळीकडे सारखा धरला असता तर अन्याय झाला असता, म्हणून 'प्रमाण एकर' ठरला: दहा-अकरा मण धान्य देईल इतकी जमीन म्हणजे एक प्रमाण एकर. कोरडवाहू भागात चार एकर मिळून एक प्रमाण एकर भरे, पाण्याखाली एका एकरातच तो भरे. आणि जमीन मुळात कमी पडत असल्यानं प्रत्येकाला काट सोसावी लागली. पहिल्या दहा एकरांवर चौथाई, दहा ते तीस एकरांवर तीस टक्के, आणि अशी वर चढत पाचशे एकरांच्या पुढच्या जमिनीवर पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत. म्हणजे वीस प्रमाण एकरांच्या धन्याला साडेचौदा मिळाले. हजारो एकरांचा जमीनदार मात्र जवळपास नागवला गेला. नोव्हेंबर १९४९पर्यंत अडीच लाखांच्या आसपास कुटुंबांना जमीन वाटून झाली होती.

यातला एक नियम परतण्याच्या दृष्टीनं मला फार महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांनी १८९०च्या दशकात चिनाबच्या कालव्यावर लायलपूरची वसाहत वसवली, तेव्हा जालंधर, होशियारपूर, लुधियाना, अमृतसर या दाटीच्या जिल्ह्यांतले शेतकरी तिकडे नेले होते. त्यांना मुरब्बे मिळाले, म्हणजे साधारण पंचवीस एकरांचे चौकोन. गावाला गावाचं नाव नसे, चक नंबर अमुक एवढंच. दोन पिढ्या ते तिथे राबले, श्रीमंत झाले. १९४७ साली ते सगळं सोडून आले, तेव्हा सरकारनं ठरवलं की ज्यांचे आजे जालंधरहून गेले त्यांना शक्यतो जालंधरमध्येच जमीन द्यायची. लायलपूरच्या चकांत जन्मलेल्या नातवासाठी ते आजोबांचं गाव होतं, त्यानं स्वतः कधी पाहिलेलंसुद्धा नाही असं. पण तिथे त्याला आजोबांच्या नावानं ओळखणारे चुलते होते, आडनावाची गल्ली होती, गावच्या गुरुद्वाऱ्यात घराण्याची आठवण होती. पूर्वज इकडचे नव्हते अशा पश्चिमेकडच्या लोकांसाठी असं काही शिल्लक नव्हतं, म्हणून त्यांना गावाच्या, नात्याच्या गटानं एकत्र बसवायचा प्रयत्न झाला.

हे सुरळीत झालं असं कोणी समजू नये. १९४७च्या हिवाळ्यात रब्बी पेरायची होती, म्हणून सरकारनं आधी घाईनं कुटुंबागणिक जमीन देऊन टाकली. हे 'कच्चं' वाटप. दोन वर्षांनी 'पक्कं' वाटप आलं, तेव्हा कित्येकांना नांगरलेली, विहीर खणलेली ती जमीन सोडून तिसऱ्याच गावी जावं लागलं. नुकतं रुजू लागलेलं रोप उपटून लावावं तशी ही दुसरी उठाठेव. शिवाय सोडलेल्या जमिनींवर गावातल्याच काही लोकांनी आधी कब्जा केला होता. नव्या माणसाची त्यांच्याशी गाठ पडली की तंटा ठरलेला.

या सगळ्या हिशेबात ज्याची जमीनच नव्हती त्याचं काय? गावसभा ज्याची आठवण सांगते ती शेतमालकाची असते. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतावर राबून पोट भरलं, त्याच्याबद्दल सभा काय सांगणार? त्याच्या खात्यात शून्य होतं, म्हणून त्याला शून्यच मिळालं. दलित निर्वासितांचा हा प्रश्न ज्यांनी डोळ्यांनी पाहिला त्यांत विनोबा होते. गांधीजी गेल्यानंतर काही आठवड्यांतच, मार्च १९४८च्या अखेरीस, पवनारहून ते नेहरूंच्या सांगण्यावरून दिल्लीला आले आणि निर्वासितांच्या छावण्यांत फिरले. भूमिहीन हरिजनांना काही लाख एकर जमीन देऊ, असं पंजाब सरकारनं कबूल केलं. विनोबांना फार समाधान वाटलं. पुढे सरकारनं शब्द फिरवला. राग येऊन सत्याग्रह करायला निघालेल्या लोकांना त्यांनी आवरलं, पण ती गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. १९५१ साली पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, तेव्हा त्यामागे पंजाबचा हा अनुभव होता असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

विनोबांनी त्या काळात आणखी एक काम केलं, आणि छावणीतून आपल्याच गावी परतण्याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. दिल्लीच्या दक्षिणेला मेवात. तिथले मेव मुसलमान. अलवर आणि भरतपूर संस्थानांतून १९४७ साली ते हजारोंनी पळाले, गुडगाव जिल्ह्यात छावण्यांत येऊन राहिले, आणि त्यांच्या मागे त्यांच्या शेतांत निर्वासित बसवले गेले. पाकिस्तानला जायच्या तयारीत असलेल्या मेवांना थांबवायला १९ डिसेंबर १९४७ रोजी गांधीजी घासेडा गावी गेले. पूर्व पंजाबचे मुख्यमंत्री गोपीचंद भार्गव त्यांच्यासोबत होते. मेवांनी राहायचं ठरवलं. पण 'राहा' म्हटलं म्हणून गाव परत मिळत नाही. घरात दुसरं कुटुंब, शेतात दुसऱ्याचं पीक, आणि ते दुसरं कुटुंबही रावळपिंडीहून हाकलून दिलेलं. दोघेही खरेच उद्ध्वस्त; दोघांचाही दावा खरा. विनोबा आणि त्यांचे कार्यकर्ते त्या गावांत राहून, भांडणं मिटवत, अधिकाऱ्यांकडे खेपा घालत मेवांना बसवत गेले. काहींना स्वतःचीच जमीन मिळाली, काहींना शेजारच्या गावातली. घासेडा आज हरियाणाच्या नूह जिल्ह्यात येतं, आणि १९ डिसेंबर तिथे 'मेवात दिन' म्हणून पाळतात.

जमिनीच्या बाबतीत गावाची साक्ष तारक ठरली. स्त्रियांच्या बाबतीत तीच साक्ष मारक ठरली. फाळणीत पळवून नेलेल्या स्त्रिया शोधून परत आणण्याचा करार दोन्ही देशांत डिसेंबर १९४७मध्ये झाला, कायदा १९४९ साली आला. मृदुला साराभाई या कामाच्या प्राण होत्या. काही वर्षांत भारतातून वीस हजारांवर मुसलमान स्त्रिया आणि पाकिस्तानातून आठ-नऊ हजार हिंदू-शीख स्त्रिया सोडवून परत पाठवण्यात आल्या. इकडे आलेल्या बायकांना आधी जालंधरच्या गांधी वनिता आश्रमात ठेवत आणि तिथे घरच्यांना बोलावत. कायद्यात एक गोष्ट राहून गेली होती: त्या बाईला जायचं आहे का, हे विचारायची सक्ती नव्हती. कोणी दोन वर्षांत नव्या घरी रुळली होती, कोणाच्या कडेवर मूल होतं. मुलाचं काय करायचं, ते कोणत्या देशाचं, यावर सरकारं वर्षानुवर्षं बैठका घेत राहिली. लाहोरला राहून हे काम केलेल्या कमळाबेन पटेल यांनी गुजरातीत आठवणी लिहिल्या आहेत. त्या वाचताना कायदा करणारे आणि त्याखाली सापडणाऱ्या बाया यांच्यातलं अंतर कळतं.

घरचे न्यायला आले तरी पुढचा प्रश्न घराच्या उंबऱ्यावर उभा असे. गांधीजींनी प्रार्थनासभांतून पुन्हा पुन्हा सांगितलं, की या मुलींचा काहीही दोष नाही, त्यांना मानानं घरात घ्या. पुष्कळ कुटुंबांनी घेतलं, आणि त्याची कुठे बातमी झाली नाही. काहींनी घेतलं नाही. त्या आश्रमातच राहिल्या, शिवण शिकल्या, नोकरी धरली. राजिंदरसिंग बेदी यांची 'लाजवंती' ही कथा या प्रश्नाच्या गाभ्यापर्यंत जाते. 'मनात वसवा' म्हणत फेऱ्या काढणाऱ्या सुंदरलालची स्वतःची बायको परत येते. तो तिला देवीसारखं वागवतो आणि तिच्यावर काय गुजरलं ते मात्र तिला बोलूच देत नाही. परत आलेल्या माणसाच्या सांगण्याला कान मिळाला नाही, तर त्याच्या येण्यात कसली उणीव राहते, हे त्या एका कथेत आहे.

आता चंदीगडकडे परत येऊ. शिवालिकच्या पायथ्याची जागा १९४८ साली राजधानीसाठी निवडली गेली. तिथे माळरान नव्हतं. नांदती गावं होती, आंब्याच्या बागा होत्या. पहिल्या टप्प्यातच सतरा गावांची जमीन गेली. गावकऱ्यांनी विरोध केला, समिती काढली, पण राजधानी झाली. लाहोर-सियालकोटहून उखडलेल्यांसाठी बांधलेल्या शहरानं रुडकी पडाव, नगला, कैलड अशा गावांना उखडलं. मोबदला ठरला, दिला गेला. पण या गावकऱ्यांना एका ठिकाणी जमवून, गावाचं गाव दुसरीकडे बसवायचा प्रयत्न झाला नाही. जालंधरच्या तंबूंत जे कळलं होतं ते चार वर्षांत इथे विसरलं गेलं, याचं मला आजही दुःख वाटतं. ज्या गावांची वस्ती उरली, म्हणजे बुडैल, अटावा, बढेडी, त्यांच्याभोवती 'लाल डोरा' आखला गेला आणि बाहेर सेक्टर उभे राहिले. लाल डोऱ्याच्या आतलं ते गावठाण.

पाडलेल्या गावांचं काय झालं हे सांगणारं एक ठिकाण सगळ्या पर्यटकांना माहीत असतं, फक्त त्याची ही बाजू माहीत नसते. नेकचंद हा शकरगढ तहसिलीतल्या एका गावचा मुलगा, ते गाव फाळणीत पाकिस्तानात गेलं. चंदीगडच्या बांधकाम खात्यात तो रस्ते-निरीक्षक म्हणून लागला. सायकलवरून पाडलेल्या गावांचं सामान, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे, विटा, चित्रविचित्र दगड तो गोळा करत गेला आणि १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून सुखना तलावाजवळच्या जंगलात गुपचूप आपली दुनिया मांडत राहिला. सरकारला पत्ता लागला तेव्हा जवळजवळ अठरा वर्षं झाली होती. पाडून टाकायला हवं होतं, पण लोकांनी साथ दिली आणि १९७६ साली 'रॉक गार्डन' सगळ्यांसाठी उघडलं. निर्वासितानं विस्थापितांच्या घरांच्या तुकड्यांतून ते रचलं आहे.

महाराष्ट्राला हे सगळं दूरचं वाटायचं कारण नाही. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेले लोक राहिले, त्या छावणीचं १९४९ साली उल्हासनगर झालं आणि तिथले लोक अजूनही पत्ता सांगताना 'कॅम्प नंबर तीन', 'कॅम्प नंबर पाच' म्हणतात. कोयनेच्या धरणग्रस्तांची गावं सोलापूर, सांगली, रायगड, रत्नागिरी अशी चार दिशांना पांगली आणि त्यांतल्या पुष्कळांचा जमिनीचा लढा साठ वर्षांनंतरही चालू राहिला. १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर नवी गावं सरळ रस्त्यांच्या चौकटीत आखली गेली. घरं पक्की झाली, पण जुन्या गल्लीतली शेजारपणं रांगांमध्ये विखुरली, अशी तक्रार गावकरी वर्षानुवर्षं करत आले.

चंदीगडमध्ये हाच प्रश्न अजून संपलेला नाही. इंडस्ट्रियल एरियाजवळची 'कॉलनी नंबर ४' ही वस्ती १ मे २०२२ रोजी पाडण्यात आली. त्याआधी २००६ साली बोटांच्या ठशांसह नोंदणी झाली होती, आणि ज्यांचं नाव त्या यादीत होतं त्यांना 'स्मॉल फ्लॅट' योजनेत धनास, मलोया अशा ठिकाणी मासिक शुल्कावर घरं मिळाली. ठसा देऊन ओळख पटते, हे खरं आहे. खोटा दावेदार गळतो, हेही खरं. पण यादी झाली त्या वेळी गावी गेलेला, किंवा नंतर लग्न होऊन वेगळा झालेला माणूस तिच्यात सापडत नाही, आणि दहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेला शेजारी त्याच्यासाठी साक्ष देऊ शकत नाही. मलोया शहराच्या पार पश्चिम टोकाला आहे. घरकाम करणाऱ्या बाईची कामं पूर्वेकडच्या सेक्टरांत, तिचं मूल सांभाळणारी शेजारीण दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या वस्तीत. घर वाटण्याआधी सात-आठ कुटुंबांच्या गटाला एकत्र अर्ज करू दिला आणि गटागटानं मजले दिले, तर त्याला जादा पैसा लागत नाही, फक्त अर्जाचा नमुना बदलावा लागतो. आणि यादीबाहेर राहिलेल्यांसाठी वस्तीची सभा भरवून तिची साक्ष नोंदवून घेण्याची सोय त्याच नियमांत करता येते.